कारखाना आणणे आणि प्रदेश घडणे : कोल्हापूरच्या फाउंड्री उद्योगाच्या निमित्ताने

धागाकर्ता : पंचगंगाकाठ

सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातेत जाणार असे जाहीर झाले, तेव्हा महाराष्ट्रात कितीतरी दिवस वादंग चालले होते. पुढच्याच वर्षी जुलैत फॉक्सकॉनने त्या भागीदारीतून अंग काढून घेतले आणि ज्यावरून एवढे रण माजले तो प्रकल्प त्या स्वरूपात कुठेच उभा राहिला नाही. त्या सगळ्या वादात एकरांचे, कोटींचे आणि नोकऱ्यांचे आकडे भरपूर होते. पण एखादा प्रदेश दोन-तीन पिढ्या टिकणारी समृद्धी कशाच्या बळावर मिळवतो, या प्रश्नाला मात्र क्वचितच कुणी हात घातला. तो प्रश्न येथे मांडावा आणि हवेत न बोलता कोल्हापूरच्या उदाहरणावर मांडावा, म्हणून हा धागा.

कोल्हापूर आणि परिसरात सुमारे तीनशे फाउंड्र्या (धातू वितळवून भाग ओतणारे कारखाने) आहेत. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या पट्ट्यात देशातील बहुतेक मोठ्या वाहन आणि ट्रॅक्टर कंपन्यांसाठी बिडाचे सुटे भाग ओतले जातात. हा उद्योग कुणी आणून बसवलेला नाही. त्याचे मूळ उसाच्या पाण्यात आहे. नदीचे आणि विहिरीचे पाणी उसाला द्यायचे तर ऑइल इंजिन लागे. भर हंगामात इंजिन बंद पडले तर पीक थांबत नाही, त्यामुळे दुरुस्ती जवळच व्हावी लागे. त्यातून दुरुस्तीची दुकाने निघाली. दुसऱ्या महायुद्धात आणि पुढे आयातीवरील निर्बंधांच्या काळात सुटे भाग मिळेनासे झाले, तेव्हा हीच दुकाने भाग घडवू लागली. भाग घडवायचे तर ओतकाम हवे, म्हणून भट्ट्या आल्या, आणि काही वर्षांत कोल्हापूरच्या स्वतःच्या बनावटीची इंजिने बाजारात दिसू लागली. किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या जमिनीवर किर्लोस्करवाडी वसवली होती. नांगरापासून इंजिनापर्यंतचा तो वस्तुपाठ या भागातील कारागिरांपासून फार लांब नव्हता.

माझ्या मते खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. गावोगाव वीज पोहोचली, विजेचे पंप आले आणि ऑइल इंजिनांची मागणी ओसरत गेली. ज्या वस्तूवर शहराचे नाव झाले होते तिचेच दिवस भरले. अशा वेळी बहुतेक औद्योगिक गावे मोडतात. कोल्हापूर मोडले नाही, कारण सिलिंडर ब्लॉक, लायनर, फ्लायव्हील ओतण्याचे कसब एखाद्या मोठ्या कंपनीच्या चार भिंतींत बंद नव्हते. पॅटर्न (साच्याचा नमुना) बनवणारा वेगळा, कोअर (आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा) बनवणारा वेगळा, ओतणारा वेगळा, मशिनिंग करणारा वेगळा, अशा शेकडो स्वतंत्र हातांत ते विखुरलेले होते. त्यातल्या प्रत्येकाने आपापल्या हिमतीवर नवे गिऱ्हाईक शोधले. ते गिऱ्हाईक, म्हणजे वाहन उद्योग, सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवर पुण्यात उभे राहत होते आणि त्याला नेमके असेच भाग हवे होते.

याच्याही मागे एक थर आहे. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये कापडगिरणी काढली, राधानगरी धरणाचे काम हाती घेतले, शाहूपुरीची बाजारपेठ वसवली. त्याच काळात वसतिगृहे, १९०२ चा आरक्षणाचा जाहीरनामा आणि १९१७ चा सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय हेही झाले. गिरणी कालांतराने बंद पडली. पाणी, बाजारपेठ आणि शिकलेली बहुजन घरे मात्र उरली. उद्योजक कोण होऊ शकतो याचे वर्तुळ जिथे रुंद असते तिथे संकटाच्या वेळी प्रयोग करणारी माणसेही जास्त सापडतात, असे मला वाटते.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे : प्रदेशाची ताकद आज तिथे काय बनते यावरून मोजू नये, ते बनणे थांबले तर तिथली माणसे किती लवकर दुसऱ्या कामाकडे वळू शकतील यावरून मोजावी. विद्युत वाहनांमुळे कोल्हापूरची ही परीक्षा पुन्हा एकदा समोर उभी आहे. जाणकारांनी लिहावे.


प्रतिसाद : ओतारी

इतिहास बरोबर आहे, परंतु तो थोडा गोड झाला आहे. इंजिनाकडून वाहनांच्या भागांकडे वळणे म्हणजे तेच काम दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकणे, असा समज होण्याची शक्यता आहे. प्रत्यक्षात इंजिनाच्या काळात चालणारा माल वाहन कंपन्यांनी अक्षरशः परत पाठवला. मापे, धातूची रचना, कडकपणा, प्रत्येक हीटची (एका वेळी वितळवलेल्या धातूची) नोंद, या सर्व गोष्टी कोल्हापूर गिऱ्हाइकाच्या धाकाने शिकले. अनुदानाने कुणाला दर्जा शिकवल्याचे मी पाहिलेले नाही. रिजेक्शनने शिकवल्याचे मात्र रोज पाहतो.

जवळ असण्याचा फायदा म्हणजे नेमके काय, ते एका साध्या उदाहरणावरून सांगतो. हब (चाकाचा मधला भाग) मशीनवर चढतो, बोअर करताना आत बारीक भोके उघडी पडतात. हाच भाग दुसऱ्या राज्यातून आलेला असता तर ईमेल, फोटो, आठवडाभराचा वाद आणि शेवटी डेबिट नोट असा प्रवास झाला असता. इथे मशीनवाला तो हब टेम्पोत टाकून तासाभरात फाउंड्रीत आणतो. तिथे तो कापून पाहिला जातो. भोके गुळगुळीत आणि गोल आहेत की वेडीवाकडी, यावरून वायू अडकला की धातू आकसताना कमी पडला हे ठरते. वायू असेल तर वाळूतील ओलावा तपासतात. तो तीन-चार टक्क्यांच्या आसपास हवा, पावसाळ्यात हात थोडा जरी सैल पडला तरी वाढतो. ओलावा ठीक निघाला तर कोअर नीट भाजला होता का आणि त्याला वाफ जायला वाट होती का, हे पाहतात. तेही ठीक असेल तर पॅटर्नवाल्याला बोलावतात आणि रायझरची (आकसणाऱ्या धातूला भर पुरवणाऱ्या साठ्याची) जागा बदलतात. संध्याकाळच्या हीटमध्ये सुधारलेला भाग ओतला जातो. या दिवसभरात तीन वेगवेगळ्या मालकांच्या माणसांनी एकच अडचण सोडवलेली असते आणि त्याचे बिल कुणीही कुणाला लावत नाही. ज्ञान विखुरलेले असणे पुरेसे नाही, ते एवढ्या वेगाने फिरायलाही हवे.

दुसरा मुद्दा सामायिक सोयींचा. ओतकामात धातूच्या कितीतरी पट वजनाची वाळू वापरली जाते आणि तिचा काही भाग दर वेळी टाकाऊ होतो. ही काळी वाळू टाकायची कुठे, हा प्रश्न प्रत्येकाने रात्रीच्या अंधारात आपापल्या परीने सोडवण्याचा काळ होता. फाउंड्री क्लस्टरच्या माध्यमातून वाळू पुन्हा वापरण्यायोग्य करण्याचा सामायिक प्रकल्प उभा राहिला, तो एका छोट्या फाउंड्रीला स्वतःच्या बळावर कधीच जमला नसता. एकमेकांचे दर पाडणारे लोक एका प्रकल्पात भागीदार होतात, याचे श्रेय संघटनांना द्यायला हवे.


प्रतिसाद : ताळेबंद

दोन्ही लेखन आवडले, तरी एक हरकत नोंदवतो. आपण टिकलेल्यांची कथा सांगत आहोत. इंजिनाच्या पडत्या काळात किती दुकाने बंद झाली, किती मिस्त्री पुण्या-मुंबईला गेले, किती घरे कर्जात बुडाली, हे या कथेत येत नाही. ‘कोल्हापूर मोडले नाही’ या वाक्यात मोडलेली माणसे झाकली जातात.

शिवाय स्थानिक हिमतीचा जयजयकार करताना शासनाचा हात विसरला जातो. आयातीवरील निर्बंध शासनाचे, धरणे शासनाची, सहकारी पतपुरवठा शासनाच्या आधारावर उभा, आणि ज्या एमआयडीसीच्या भूखंडांवर हे सर्व उभे आहे ती एमआयडीसी १९६२ मध्ये शासनाने स्थापन केलेली. उसाच्या पैशाने भट्टी पेटली हे खरे, पण उसाला पाणी आणि साखर कारखान्याला भांडवल कुठून आले, याचे उत्तर प्रत्येक जिल्ह्याला सारखे मिळालेले नाही.


प्रतिसाद : पंचगंगाकाठ

ताळेबंद, हरकत मान्य करण्यासारखी आहे, पण तिने मूळ मुद्दा बाद होत नाही. निर्बंध साऱ्या देशाला लागू होते. त्यांचा उपयोग करून इंजिने बनवणारी शहरे मात्र मोजकीच निघाली. शासनाचा हात आवश्यक होता असे म्हणू; तो पुरेसा होता असे म्हणता येत नाही. बंद पडलेल्यांविषयी म्हणाल तर बंद पडलेल्या दुकानातील कारागीर शेजारच्या गाळ्यात कामाला लागू शकत होता, हेच अनेक छोट्या उद्योगांच्या गावाचे वेगळेपण आहे. एका मोठ्या गिरणीचे शहर कोसळते तेव्हा शेजारचा गाळाच नसतो. सोलापूरच्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले आहे.


प्रतिसाद : उभाआडवा

मी इचलकरंजीचा. अनेक छोटे उद्योग, विखुरलेले कौशल्य, स्थानिक उद्योजकता ही तुमची सगळी लक्षणे आमच्या गावात कोल्हापूरपेक्षा काकणभर जास्तच सापडतील. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग बसवला आणि जहागीरदार नारायणराव घोरपड्यांनी या धंद्याला आश्रय दिला. पुढे घराघरांत माग झाले आणि ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ हे बिरुद आम्ही शंभर वर्षे मिरवत आलो. मग आमचे यंत्रमागधारक दर काही वर्षांनी वीज सवलतीसाठी मोर्चे का काढतात?

याचे कारण माझ्या मते किंमत कुणाच्या हातात आहे, यात दडलेले आहे. इथले बहुसंख्य यंत्रमागधारक ‘खर्चीवाले’ आहेत. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, माग आणि मेहनत आपली, आणि मजुरी ‘पिका’च्या (विणलेल्या आडव्या धाग्यांच्या) हिशेबाने. जॉबर, वहिफणीवाला, कांडीवाली, सायझिंग, अशी कामाची वाटणी अतिशय बारीक आहे आणि प्रत्येकाचा हात तयार आहे. परंतु तयार होणारे कापड बव्हंशी साधे, कोरे. रंग, छपाई, शिलाई, ब्रँड हे सगळे मोल बाहेर जाऊन वाढते. ओतारी म्हणतात तसे रिजेक्शनने शिकवणारे गिऱ्हाईक आम्हाला भेटलेच नाही. आमच्या गिऱ्हाइकाला दर्जापेक्षा दर महत्त्वाचा होता, आणि दर पाडण्यात आम्ही एकमेकांना हरवत राहिलो. ज्यांच्या गाठीला भांडवल होते त्यांनी एअरजेट आणि रॅपिअर माग आणले, बाकीचे जुन्या साध्या मागांवरच राहिले. आज एकाच गल्लीत दोन वेगवेगळे काळ नांदताना दिसतात.

नदीविषयी कुणीच लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. कोल्हापूरचे सांडपाणी, साखर कारखान्यांची मळी आणि आमच्या प्रोसेसिंगचे रंगीत पाणी हे सारे पंचगंगेत. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली आणि माणसे दगावली. आजही शहराला प्यायचे पाणी कुठल्या नदीतून आणायचे, यावर गावागावांत संघर्ष चालू आहे. जो उद्योग आपला काही खर्च खालच्या अंगाच्या गावाच्या पोटात ढकलतो, त्याच्या स्पर्धाक्षमतेचा आकडा मुळातच खोटा असतो. धागाकर्त्याचे सदस्यनाम पाहता त्यांनी याचा विचार केला असेल अशी आशा आहे!


प्रतिसाद : चाकण रस्ता

उभाआडवा यांचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा वाटला. गिऱ्हाईक कसे आहे यावर पुरवठादाराचे भवितव्य ठरते, हे पिंपरी-चिंचवडमध्ये मी नोकरीच्या काळात जवळून पाहिले.

पुण्याची सुरुवात कारखान्यांच्याही आधीची. अभियांत्रिकीचे शिक्षण १८५४ पासून, खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, उद्योजकांची संघटना मराठा चेंबर १९३४ ची. १९५० च्या दशकात पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली आणि साठच्या दशकात टेल्को (आजची टाटा मोटर्स), बजाज, भारत फोर्ज आणि वाहनांची चाचणी घेणारी एआरएआय यांनी एकाच परिसरात पाय रोवले. म्हणजे चाचणी घेणारी संस्था, अभियंता घडवणारी संस्था आणि माल घेणारा कारखाना ही तिन्ही ठिकाणे दुचाकीवरून गाठण्याच्या अंतरावर आली. मोठ्या कंपनीतील फोरमन नोकरी सोडून भोसरीत गाळा घ्यायचा आणि जुनी कंपनीच त्याला पहिली ऑर्डर द्यायची. ही वाट इतकी रुळलेली होती की त्यात कुणाला नवल वाटत नसे. या शहराच्या उद्योजकांची खरी शाळा म्हणजे कंपन्यांचे टूलरूम (हत्यारे आणि साचे घडवणारा विभाग).

मोठा कारखाना गेल्यावर काय होते, याचेही उदाहरण आमच्याकडे आहे. जनरल मोटर्सने तळेगावचे उत्पादन २०२० च्या अखेरीस थांबवले. कायम कामगारांची झालेली परवड आणि लांबलेला कायदेशीर लढा यांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. पण त्या कंपनीला भाग पुरवणाऱ्यांचा विचार केला तर ज्यांच्याकडे आणखी चार गिऱ्हाइके होती ते तरले, आणि ती चार गिऱ्हाइके त्याच चाकण-तळेगाव पट्ट्यात होती. पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला. मनुष्यबळ, रस्ते आणि पुरवठादार हे सगळे जागेवर असताना इमारतीला नवा मालक मिळाला, यात आश्चर्य ते काय!

आता दुसरी बाजू. चाकणचा रस्ता आणि हिंजवडीची वाहतूक पाहिली की यशाची किंमतही दिसते. उद्योग वाढला तसे पाणी, घरे आणि रस्ते वाढले नाहीत. आज नवा उद्योजक पुण्याच्या गर्दीला कंटाळून बाहेर पाहतो, पण त्याला पुण्याबाहेर पुण्यासारखे पुरवठादार मिळत नाहीत, म्हणून तो नाइलाजाने थांबतो. हा नाइलाज म्हणजे स्पर्धाक्षमता नव्हे.


प्रतिसाद : मांजराकाठ

ही सगळी चर्चा पुणे-कोल्हापूरच्या जुन्या राष्ट्रीय महामार्ग चारच्या कडेने चालली आहे, म्हणून थोडे पूर्वेकडचे लिहितो. उद्योग मागास भागांत जावेत म्हणून राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून चालू आहे. तालुक्यांचे गट पाडून जितका मागास तितकी सवलत जास्त, असे तिचे तत्त्व. दांडेकर समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक विकासाचा अनुशेष मोजला, केळकर समितीने २०१३ मध्ये पुन्हा मांडणी केली. एवढे होऊनही सवलत संपली की कारखान्याला कुलूप, असे अनुभव मराठवाड्यातील अनेक औद्योगिक वसाहतींनी घेतले आहेत.

अपवाद छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजचा. बजाजचा कारखाना १९८५ मध्ये तिथे आला, त्याला जायकवाडीचे पाणी मिळाले, आणि मुख्य म्हणजे त्या कंपनीने भाग पुण्याहून मागवत न बसता पुरवठादार तिथेच उभे राहू दिले. त्यांतील एन्ड्युरन्स आज युरोपातही कारखाने चालवते. सवलत इतरांनाही मिळाली होती, पण त्यांच्याभोवती पुरवठादारांचे असे जाळे विणले गेले नाही. हे पाहिल्यावर धागाकर्त्याचे म्हणणे मला पटते. मात्र वाळूजची वीण ज्या धाग्याने सुरू झाली तो धागा शासनाने आणि एका मोठ्या कंपनीनेच आणला होता, हेही लक्षात ठेवावे. सर्वच प्रदेशांना उसाचा आणि इंजिनाचा योग लाभत नाही.

शिक्षणाविषयीही एक निरीक्षण. शिक्षण आले की समृद्धी येते असे सरसकट म्हटले जाते. लातूर पॅटर्नने बारावी आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षांत राज्यभर दबदबा निर्माण केला. शिकवणीवर्ग, वसतिगृहे, खानावळी यांचा मोठा व्यवसाय शहरात उभा राहिला. परंतु ज्या मुलांमुळे हे नाव झाले त्यांना परत बोलावणारे काम लातूरमध्ये फारसे नाही. आम्ही गुणवत्ता पिकवतो आणि कच्च्या मालासारखी बाहेर पाठवतो. शाहू महाराजांच्या वसतिगृहांत शिकलेल्यांना जवळच वाढती बाजारपेठ सापडली, हा फरक धाग्यात अधोरेखित व्हायला हवा होता.


प्रतिसाद : द्राक्षबागाईतदार

उद्योग म्हणजे केवळ कारखाने नव्हेत, म्हणून नाशिकचे सांगतो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडल्यामुळे युरोपने आमची द्राक्षे अडवली. ज्यांनी ते औषध वापरले होते आणि ज्यांनी नव्हते, अशा दोघांचेही भाव एका फटक्यात पडले, कारण तिथल्या खरेदीदाराच्या लेखी सगळीच द्राक्षे ‘भारतीय’ होती. प्रदेशाचे नाव ही सामायिक मालमत्ता असते आणि एकाच्या चुकीने ती सर्वांची जाते, हा धडा त्या हंगामाने शिकवला. त्यानंतर तपासणीत त्या रसायनाचा समावेश झाला, निर्यातीच्या नोंदणीकृत बागा आणि प्रयोगशाळांची शिस्त अधिक काटेकोर झाली. बागाईतदार संघ १९६० च्या दशकापासूनचा, पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ चे, आणि मोहाडीची सह्याद्री फार्म्स शेतकऱ्यांची स्वतःची कंपनी. या तीन पायऱ्या हाताशी होत्या, म्हणून सावरता आले. नवीन वाणांसाठी परदेशी पैदासकारांना स्वामित्वशुल्क देण्याची तयारी शेतकऱ्यांनी दाखवली, हीही वळण्याचीच खूण समजावी. अवकाळीपुढे मात्र अजून कुणाचेच काही चालत नाही.


प्रतिसाद : श्टुटगार्टकर

गेली काही वर्षे बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हा जर्मनीतील गरीब भाग होता आणि इथून लोक अमेरिकेला स्थलांतर करत. फर्डिनांड फॉन श्टाइनबाइस या अधिकाऱ्याने उद्योगांना थेट पैसे वाटण्यापेक्षा नमुन्याची यंत्रे आणून दाखवणे, कारागिरांना प्रदर्शनांना पाठवणे आणि व्यवसायशाळा काढणे यांवर भर दिला. आजच्या इथल्या दुहेरी प्रशिक्षणपद्धतीची मुळे अशा प्रयत्नांत आहेत. शिकाऊ उमेदवार आठवड्यातील तीन-चार दिवस कंपनीत आणि उरलेले शाळेत असतो, आणि परीक्षा उद्योगमंडळ घेते.

आपल्याकडे या पद्धतीचे गोडवे गायले जातात, पण तिचा कणा सहसा सांगितला जात नाही. इथे उद्योगमंडळाचे सदस्यत्व कायद्याने सक्तीचे आहे. त्यामुळे मी शिकवायचे आणि शेजाऱ्याने पळवायचे, या भीतीला बऱ्याच अंशी आळा बसतो, कारण शिकवण्याचा भार थोड्याफार प्रमाणात सर्वच उचलतात. कोल्हापुरात संघटना चांगल्या आहेत, परंतु ऐच्छिक आहेत. प्रशिक्षणासारखा खर्च ऐच्छिक वर्गणीवर किती काळ चालेल?

आणि एक इशारा. हाच प्रदेश आज चाचपडतो आहे. बॉशने २०२५ मध्ये, प्रामुख्याने जर्मनीतील, सुमारे १३ हजार पदे कमी करण्याचे जाहीर केले. डिझेल इंजिनाच्या इंधनप्रणालीत जगात अव्वल असणे हाच आता अडथळा ठरतो आहे. एखाद्या कामात अतिशय निष्णात झालेला प्रदेश उशिरा वळतो. कारण जुने काम शेवटच्या दिवसापर्यंत पैसे देत असते.


प्रतिसाद : ओतारी

श्टुटगार्टकरांचा शेवटचा मुद्दा आमच्या पट्ट्याला तंतोतंत लागू आहे, म्हणून विद्युत वाहनांचे जरा सविस्तर लिहितो. दुचाकी आणि मोटारी विजेवर गेल्या तर ब्लॉक, हेड, फ्लायव्हील, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड यांची गरज उरत नाही. हब, ब्रेक ड्रम, अॅक्सल हाउसिंग वगैरे भाग राहतात. मात्र वजन कमी करण्यासाठी त्यांतील काहींत बिडाची जागा अॅल्युमिनियम घेऊ शकते. ट्रॅक्टर आणि अवजड वाहने सावकाश बदलतील, त्यामुळे आमच्याकडे वेळ आहे, पण तो भरपूर नाही. ज्यांना दिसते आहे ते पंप, व्हॉल्व्ह, रेल्वे आणि निर्यात यांच्याकडे सरकत आहेत आणि ओतलेला भाग कच्चा न विकता पूर्ण मशिनिंग करून देत आहेत. इचलकरंजीच्या खर्चीवाल्यांविषयी वाचताना लक्षात आले की, नुसते किलोवर ओतून देणारी फाउंड्री हीदेखील एका अर्थी खर्चीवालीच आहे.

वीजदर हा आमचा रडगाण्याचा विषय समजला जातो, पण त्यामागचे गणित पाहावे. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला पाचशे ते सहाशे युनिट लागतात. युनिटमागे एक रुपयाचा फरक म्हणजे टनाला पाच-सहाशे रुपये, आणि अनेकांचा नफाच मुळात त्याच्या आसपास असतो. सीमेपलीकडे कर्नाटक तासाभराच्या अंतरावर आहे. तिकडे जाण्याची भाषा इथल्या उद्योजकांनी एकाहून अधिक वेळा केली, पण फारच थोडे गेले. पॅटर्नवाला, कोअरवाला आणि तो टेम्पो बरोबर नेता येत नाही, हेच त्याचे कारण.

खरी काळजी मला माणसांची वाटते. मोल्डिंगवर आज बहुतांश मजूर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेले आहेत. २०२० च्या टाळेबंदीत ते गावी गेले आणि ऑर्डरी हातात असून भट्ट्या थंड राहिल्या. स्थानिक मुलगा आयटीआय करून पुण्याला जातो, कारण इथली फाउंड्री त्याच्या नजरेत धूर, उष्णता आणि बारा तासांची पाळी आहे. आणि बऱ्याच ठिकाणी ते खरेही आहे. भागाचा कापलेला तुकडा हातात घेऊन दोष ओळखणारी पिढी आता साठीच्या पुढे गेली. परप्रांतीय कामगाराला ते शिकवण्यात आम्ही कसर करतो, कारण तो राहील की नाही याची खात्री नसते, आणि त्याला घर, मुलांची शाळा, बढती यांपैकी काहीच मिळत नसल्यामुळे तो राहतही नाही.

सक्तीच्या वर्गणीचा विषय संघटनेत काढला तर पहिल्या बैठकीत आरडाओरडा होईल हे नक्की. तरीही वाळूच्या प्रकल्पाला जशी प्रत्येकाच्या टनामागे आकारणी होते, तशी प्रशिक्षणासाठी वितळलेल्या टनामागे काही पैसे लावता येतील का, याचा हिशेब मी मांडायला घेतला आहे. ताळेबंद, तुम्हाला वेळ असेल तर व्यक्तिगत निरोप पाठवा. आकडे तपासायला दुसरी नजर हवी आहे, आणि ती या धंद्याबाहेरची असलेली बरी.


प्रतिसाद : ताळेबंद

निरोप पाठवला आहे. हिशेबात बंद पडलेल्या फाउंड्र्यांचाही रकाना ठेवा, आणि आकारणी कंत्राटदाराकडच्या कामगारांनाही लागू होईल अशी शब्दरचना करा. नाहीतर ज्यांना शिकवायचे तेच यादीबाहेर राहतील.